हक्कसोड: ठाण्यातल्या एका आईचं प्रकरण

काकू पहिल्यांदा आल्या त्या स्वतःसाठी नव्हेत. फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली आणि त्याच कागदाच्या मागे समुपदेशक म्हणून माझा नंबर लिहून दिला. खुर्चीत बसता बसता काकूंनी काम सांगून टाकलं, "मॅडम, माझ्या मुलीला एक फोन करा. शिकलेल्या माणसाचं ती ऐकते." बहिणीला त्यांनी दातांच्या डॉक्टरकडे जाते असं सांगितलं होतं. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे आणि 'याला ठाण्याला पाठवा' हा विनोद अख्ख्या महाराष्ट्राला कळतो. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये इथेच आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तरी काकूंच्या पिढीला समुपदेशकाचा जिना चढताना अजून इकडेतिकडे बघावंसं वाटतं.

हे लिहायला काकूंची परवानगी आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ६६. शाळेतून लिपिक म्हणून निवृत्त, पेन्शन चालू. यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, म्हणून बिल्डर देतो त्या भाड्यावर पाचपाखाडीत वन बीएचकेमध्ये एकट्या राहतात. मुलगा संसारासह बंगळुरूला. मुलगी ३७ वर्षांची, लग्न केलेलं नाही, नोकरी बेलापूरला, राहायला खारघरला. या मुलीनं आईशी बोलणं बंद केलं, त्याला वर्ष होत आलं होतं.

झोप पहाटे तीनला उडायची. उठल्यावर पहिला हात फोनकडे. मुलीनं नंबर ब्लॉक केला नव्हता. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. ब्लॉक केलं असतं तर बरं झालं असतं, असं काकू एकदा म्हणाल्या आणि मला ते पटलं. वाचते आणि गप्प बसते, हे रोज नव्यानं लागतं. त्या मेसेजांपैकी एक असा होता: "मी मेल्यावर तरी येशील ना?"

असं वाक्य समोर आलं की बाकी सगळं बाजूला ठेवून सरळ विचारावं लागतं. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी मागच्या दोन आठवड्यांतली मनःस्थिती मोजते, एकूण गुण २७, आणि दहा किंवा त्याहून जास्त आले की लक्ष द्यावं लागतं. काकूंचे १३ आले. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. "देवानं उचलावं असं वाटतं कधी कधी. पण स्वतःहून काही करायचं मनात नाही," असं त्या म्हणाल्या. घरात झोपेच्या गोळ्या किती आहेत, रात्री फार वाटलं तर कोणाला फोन करणार, हे सगळं बोलून घेतलं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये भरून दिला. तो चोवीस तास चालू असतो. एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतलं. औषध लगेच सुरू करावं लागलं नाही. मग मागे काय घडलं होतं त्याकडे वळलो.

यजमानांची मूत्रपिंडं निकामी झाल्यावर डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी जवळपास चार तास. मुलगी तेव्हा नौपाड्यातच राहायची. तिनं ऑफिसकडून उशिराची पाळी मागून घेतली. पहाटे बाबांना रिक्षानं न्यायचं, मशीन लागलं की तिथेच लॅपटॉप उघडायचा, त्यांना घरी सोडून मग बेलापूरची गाडी पकडायची. अशी दोन वर्षं गेली. त्यात एक बढती हुकली आणि काकूंच्या हिशोबानं एक चांगलं स्थळही गेलं. हे मला काकूंनीच सांगितलं, पण सांगण्याचा सूर 'ती होतीच ना घरात' असा होता.

तेराव्याला माणसं जमली. काकूंचे भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलानं एवढ्या लांबून येऊन बापाचं सगळं निभावलं." काकूंनी मान डोलावली. मुलगी तेव्हा पंगतीत वाढत होती.

फ्लॅट यजमानांच्या स्वकमाईचा होता आणि मृत्युपत्र नव्हतं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार अशा वेळी बायको, मुलगा आणि मुलगी यांचे वाटे सारखे. पुनर्विकासाचे कागद एका नावावर असले की सोपं जातं, म्हणून दोन्ही मुलांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. इथवर कोणाचीच तक्रार नव्हती. पुढे काकूंनी अर्धा हिस्सा मुलाला बक्षीसपत्रानं दिला. महाराष्ट्रात राहतं घर मुलांना बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, त्यामुळे असे निर्णय चहा पिता पिता होतात. बिल्डरकडे भांडायला पुरुष माणूस हवा आणि म्हातारपणी शेवटी मुलाकडेच जायचंय, ही काकूंची दोन कारणं.

मुलीला हे आईकडून कळलं नाही. वडिलांच्या आजारपणापासून सोसायटीचं सगळं तीच बघायची, म्हणून ती सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होती. कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारासाठी नावांची यादी ग्रुपवर पडली, आणि आईच्या नावाशेजारी भावाचं नाव दिसलं. हक्क दोघांनी सोडला होता, परत एकालाच मिळाला होता. तिनं फोन केला, "आई, मला का नाही सांगितलंस?" काकू म्हणाल्या, "तुला काय कमी आहे? उद्या लग्न झालं की तुझं घर वेगळंच." महिन्याभरात ती खारघरला राहायला गेली.

त्यानंतरच्या श्रावणात काकू अळूवड्यांचा डबा घेऊन, न कळवता, ठाण्याहून पनवेल गाडीनं खारघरला गेल्या. गेटवर वॉचमननं अ‍ॅपवरून विचारलं. वरून नकार आला. वॉचमन भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, "मॅडम मीटिंगमध्ये असतील," असंही म्हणाला. काकूंना सगळ्यात जास्त लागली ती त्याची कीव. परतीच्या गाडीत त्यांनी डबा मांडीवरून खाली ठेवला नाही, घरी आल्यावर अख्खा कचऱ्यात टाकला. माझ्यासमोर त्या पहिल्यांदा रडल्या त्या हे सांगताना.

मला इथे जे दिसलं ते असं. काकूंच्या पुढ्यात दोन वेगळी कामं होती आणि त्या ती एकच समजत होत्या. एक काम, स्वतःला झालेली जखम सांभाळणं. दुसरं, मुलीशी बिघडलेलं दुरुस्त करणं. त्या दुसऱ्याचा उपयोग पहिल्याचं औषध म्हणून करत होत्या. पहाटेचा प्रत्येक मेसेज वेदनाशामक गोळी होती. पाठवला की दहा मिनिटं बरं वाटायचं, मग उत्तराची वाट, मग आधीपेक्षा जास्त दुखणं. मुलीच्या बाजूनं पाहिलं तर तिच्या फोनवर रोज पहाटे आईचं दुःख येऊन पडत होतं आणि तिच्या स्वतःच्या तक्रारीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. म्हणून मी मुलीला फोन केला नाही. माझा फोन हा त्याच साखळीतला आणखी एक मेसेज ठरला असता, फक्त शिकलेल्या आवाजातला.

मिनेसोटा विद्यापीठाच्या पॉलीन बॉस यांनी अशा नुकसानाचा अभ्यास केला आहे, ज्यात माणूस गेलेलाही नसतो आणि असतही नाही. त्यांचं सुरुवातीचं काम व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या घरच्यांवर होतं. अशा दुःखाचा शेवट ठरत नाही, म्हणून ते रेंगाळतं. आपल्याकडे गेलेल्या माणसासाठी दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे, भेटायला येणारी माणसं आहेत. खारघरला धडधाकट असलेल्या मुलीसाठी रडणाऱ्या आईला भेटायला कोण येणार?

भेटायला कोणी नव्हतं, विचारायला मात्र सगळे होते. काकूंचं निम्मं दुखणं रस्त्यावर व्हायचं, गोखले रोडच्या भाजीवालीकडे, बँकेच्या रांगेत, हळदीकुंकवाला. "लेक दिसली नाही बऱ्याच दिवसांत?" या एका प्रश्नाच्या धास्तीनं त्यांनी चैत्रातलं हळदीकुंकू टाळलं, मग भजनी मंडळ टाळलं, मग नौपाड्यातली भाजी आणणंच सोडलं. ज्यांना त्यांनी खरं सांगितलं, त्या दोघीतिघी लगेच काकूंच्या बाजूच्या झाल्या: आजकालच्या मुली, पैसा हातात आला की, एवढं केलंत आणि हे फळ. ऐकायला गोड लागायचं, पण घरी आल्यावर काकूंचा राग दुप्पट झालेला असायचा. मी त्यांना एक वाक्य तयार करायला सांगितलं: खरं असावं, छोटं असावं आणि पुढचा प्रश्न निघू नये. काकूंनी बरेच प्रयत्न करून ठरवलं, "बरी आहे. सध्या आमचं बोलणं कमी आहे. कोथिंबीर कशी दिलीस?" हे शेवटचं त्यांचं स्वतःचं. आरशासमोर म्हणून पाहिलं, मग भाजीवालीवर वापरलं. भाजीवालीनं भाव सांगितला आणि विषय संपला. माझ्या मते इतक्या दिवसांतला काकूंचा पहिला खरा विजय हा होता.

रात्रीच्या मेसेजांवर नियम केला. लिहायचं, पण वहीत. फोनवरून काही पाठवायचंच असेल तर सकाळी दहानंतर, अंघोळ आणि नाश्ता झाल्यावर. दहा वाजेपर्यंत बहुतेक मेसेजांची गरज संपलेली असायची. वहीमागे थोडा आधार आहे: मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं मनातला सल लिहून काढला, आणि पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. पण सरसकट सगळ्यांना हे मानवत नाही. काही जण लिहिता लिहिता त्याच गोष्टीत आणखी रुततात, म्हणून घड्याळ लावून लिहायचं आणि वही मिटायची. काकू देवाजवळ दिवा लावल्यावर लिहायच्या.

त्या वहीत एकच वाक्य वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा येत होतं: आईशी मुलीनं असं वागताच कामा नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत कि. मो. फडके यांच्यामुळे महाराष्ट्रात बरीच माहीत आहे. तिचा कणा असा की घटना आणि यातना यांच्यामध्ये आपला एक हट्टी 'पाहिजेच' उभा असतो. काकूंचा 'पाहिजेच' काढायला वेळ लागला, कारण त्यांना वाटत होतं की तो सोडला तर मुलगी बरोबर ठरेल. तसं नाही, हे मी अनेकदा सांगितलं. गेटवरून परत पाठवणं कठोरच होतं. तिनं खाली येऊन दोन शब्द बोलावे ही इच्छा रास्त होती. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटणार, खूप वाटणार, पण हुकूम मोडल्याचा संताप त्यावर चढवला की पहाटेचे तीन ठरलेले.

'मन रमवा, छंद लावा' हा सल्ला मी देत नाही. काकूंची माणसं इमारतीसोबत विखुरली होती. ज्यांच्या दारात वाटी घेऊन जाता यायचं त्या शेजारणी आता कोलशेत, कळवा, डोंबिवली अशा पांगल्या होत्या आणि बिल्डरचं भाडं मिळालं म्हणून शेजार मिळत नाही. ते जुनं वर्तुळ थोडं परत जोडणं हे उपचारातलंच काम होतं. महिन्यातून एकदा तलावपाळीला भेटायचं ठरलं. कोणाच्या घरी नको, म्हणजे पदार्थांची स्पर्धा नको, हेही काकूंनीच ठरवलं.

याच सुमारास एका नातेवाइकानं मुलीवर केस टाका म्हणून सुचवलं. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा मुलींनाही लागू आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. ज्यांना उपाशी ठेवलं जातं, मारहाण होते, घराबाहेर काढलं जातं, त्यांनी हा कायदा जरूर वापरावा; १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन त्यासाठी वाट दाखवते. काकूंना पेन्शन पुरत होती. त्यांना हवा होता तो फोन कुठलाही प्रांताधिकारी लावून देणार नव्हता.

मग मी एक गृहपाठ दिला, जो बहुतेक पालकांना आवडत नाही: तेराव्यापासून यादीपर्यंतची हकिकत मुलीच्या तोंडून लिहा. 'मी' म्हणजे ती. काकूंनी दोनदा टाळलं. तिसऱ्या वेळी अर्धं पान आणलं, त्यात घराचा विषय शेवटच्या दोन ओळींत होता. बाकी सगळं तेराव्याचं. "मी वाढत होते आणि आई मान हलवत होती," हे वाक्य त्यांनी स्वतः लिहिलं आणि मोठ्यानं वाचताना तिथे थांबल्या. फ्लॅटचं भांडण त्यामागून आलं होतं. दोन वर्षांचं करणं आधी माणसांसमोर पुसलं गेलं, नंतर कागदावर.

कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल पिलेमर यांच्या पाहणीत १,३४० अमेरिकी प्रौढांपैकी २७ टक्के लोकांनी कुठल्या ना कुठल्या नातेवाइकाशी संबंध तुटल्याचं सांगितलं. वारसा आणि पैसा हे त्यांना आढळलेल्या कारणांतलं एक. ज्यांचं पुन्हा जुळलं, त्यातल्या अनेकांनी 'भूतकाळाबद्दल माझंच म्हणणं मान्य कर' हा आग्रह सोडला होता. अमेरिकेचे आकडे नौपाड्याला जसेच्या तसे लावू नयेत, पण हा शेवटचा मुद्दा मला इथल्या घरांतही दिसतो.

पत्र लिहायचं ठरलं. पहिला मसुदा चार पानी होता. त्यात 'तुला दुखावलं असेल तर' होतं, मुलीच्या लहानपणीचा टायफॉइड होता, आणि शेवटी 'आईच्या मनाचाही विचार करशील ही आशा'. मी 'तर' खोडलं, टायफॉइड खोडला. काकू चिडल्या. "मग माझं काय? मला लागलं ते कुठे लिहू?" वहीत, मी म्हणाले. तेही खरं आहे आणि त्याची जागा तिथे आहे; या कागदावर दोघींचं दुखणं मांडलं तर ती फक्त तुमचंच वाचेल, आजवर तेच वाचत आली आहे. या एका मुद्द्यावर बरेच आठवडे गेले. शेवटी गेलेलं पत्र एवढंच:

"बाबांच्या डायलिसिसची दोन वर्षं तू काढलीस. तेराव्याला मामा बोलला तेव्हा मी सगळ्यांसमोर ते सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. घराचा हिस्सा दादाला देताना तुला विचारलं नाही आणि नंतर कळवलंही नाही. तू सही करून दिली होतीस, म्हणून तर आधी तुला विचारायला हवं होतं. ही माझी चूक आहे. न सांगता खारघरला आले तेही चुकलं. उत्तर द्यायलाच हवं असं नाही. आई."

आईनंच का नमायचं, असं काही वाचकांना वाटेल. एक तर, माझ्यासमोर आई होती. आणि इथे चूक नेमकी होती, नाव घेऊन सांगता येईल अशी. जिथे मूल पैशासाठी धमकावतं किंवा हात उचलतं, तिथे असं पत्र मी कोणाला लिहू देणार नाही.

पत्रात घराबद्दल वचन नव्हतं, हे मुद्दाम. काकू वकिलांना भेटून आल्या होत्या. नोंदणी होऊन स्वीकारलेलं बक्षीसपत्र मनात आलं म्हणून परत घेता येत नाही, हे त्यांना कळलं होतं. स्वतःचा उरलेला अर्धा हिस्सा मात्र मृत्युपत्रानं मुलीला देता येत होता. तो द्यावा की नाही हा त्यांचा निर्णय. ते आमिष म्हणून पत्रात घालू नका, एवढंच माझं म्हणणं होतं. त्यांनी मृत्युपत्र केलं आणि पत्रात त्याचा उल्लेख केला नाही.

गणपती गेले, नवरात्र गेलं. मग एक एसएमएस आला: "पत्र मिळालं. आत्ता बोलायचं नाहीये." काकूंच्या बोटांना लगेच चार पानं सुटली होती. त्यांनी सकाळचे दहा वाजेपर्यंत थांबून "बरं" एवढंच पाठवलं.

दिवाळीनंतर मुलीनंच भेटायला बोलावलं, घरी नाही, सीवूड्स स्टेशनच्या मॉलमध्ये. तिनं एकच प्रश्न विचारला, तेराव्याला गप्प का बसलीस? काकूंनी तयारी केलेलं उत्तर बाजूला ठेवलं. "लोकांत मुलाची शोभा राहावी म्हणून," म्हणाल्या. मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग "हे खरं बोललीस," असं म्हणून तिनं आईला ठाण्याच्या गाडीत बसवून दिलं.

सध्या रविवारआड फोन असतो, दहा-पंधरा मिनिटं. दादा आणि घर हे दोन विषय त्यात येत नाहीत. ती पाचपाखाडीला अजून आलेली नाही. काकूंच्या चाचणीचे गुण ६ वर आले आहेत. झोप अधूनमधून उडते, फोन मात्र दुसऱ्या खोलीत असतो.

मृत्युपत्राचं मुलाला माहीत नाही. माझं मत असं की काकूंनी ते जिवंतपणी, स्वतःच्या तोंडून त्याला सांगावं; मुलीला यादीतून कळल्यावर काय झालं ते त्यांनी पाहिलं आहे. काकूंना ते पटतं, पण धीर होत नाही. मागच्या वेळी म्हणाल्या, "एक आत्ता कुठे बोलायला लागली, तर दुसऱ्याला तोडू का?" पुढच्या भेटीत हाच विषय आहे.